आधी ‘आणि’ दुरुस्त करा

उर्दू माध्यमाच्या वर्गांना मी मराठी शिकवतो, त्यामुळे माझ्या प्रश्नपत्रिकेत दोन्ही लिप्या एकाच ओळीत येतात. उर्दू उजवीकडून डावीकडे, मराठी डावीकडून उजवीकडे. दोन वर्षांपूर्वी सहामाहीच्या आदल्या रात्री उर्दू सूचनेपुढे ‘(5 गुण)’ टाइप केले, तर पडद्यावर ‘(गुण 5)’ उमटले. खोडून पुन्हा लिहिले, तरी तेच. अकरा वाजून गेले होते आणि सकाळी झेरॉक्सला द्यायचे होते.

संगणकातल्या जाणकार मंडळींना मोबाइलवरून विचारले. पहिले उत्तर आले, ‘सर, नस्तालीक हा फॉन्ट नव्हे, ती लेखनशैली आहे.’ खरे आहे. दुसरे, ‘उर्दु नाही, उर्दू.’ तेही खरेच, घाईत ऱ्हस्व पडला होता. तिसऱ्याला मी अजून वर्ड का वापरतो याचे नवल वाटले. चौथा म्हणाला, हे आधीच कुणीतरी विचारलेले असेल, शोधा. शोधणार कसे? त्या दुखण्याचे नावच मला माहीत नव्हते.

शेवटी कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने थेट फोन केला. ‘सर, 5 च्या आधी कर्सर ठेवा, 200ई लिहा, मग ऑल्ट धरून एक्स दाबा.’ ओळ सरळ झाली. मग त्याने समजावले. रोमन आकड्याला स्वतःची ठाम दिशा नसते, आधीच्या अक्षरांकडे बघून तो आपली जागा ठरवतो. ते 200ई म्हणजे एक अदृश्य खूण, ‘इथून डावीकडून उजवीकडे वाच’ असे सांगणारी. मी देवनागरी ५ लिहिला असता तर ही भानगड झालीच नसती, हेही त्यानेच सांगितले. पण काम झाल्यावर.

प्रोग्रामिंग करणाऱ्यांत हा आजार जुना आहे म्हणतात. स्टॅक ओव्हरफ्लो हे त्यांचे सगळ्यात मोठे मदतीचे ठिकाण 2008 साली सुरू झाले. आपल्याकडे नवख्यांचे नीट स्वागत होत नाही, अशी जाहीर कबुली 2018 मध्ये त्या कंपनीनेच दिली. मला त्या लोकांची थोडी बाजूही घ्यावीशी वाटते. एक स्वल्पविराम चुकला तर यंत्र अडून बसते. दिवसभर यंत्राशी बोलणाऱ्याला काटेकोरपणाची सवय लागणारच.

आम्हा भाषेच्या मास्तरांना तर तेवढेही निमित्त नाही. उर्दूवाल्यांत ‘शीन-काफ दुरुस्त’ असण्याचा कोण रुबाब! मराठीत 1962 चे लेखननियम हाताशी. मी दोन्हीकडचा, म्हणजे दुप्पट. आमच्या गोंदियात मध्य प्रदेश आणि छत्तीसगड दोन्ही जवळ. मुसलमान मोहल्ल्यात हिंदी-उर्दूची खिचडी, शेजारी पोवारी, खेड्यात झाडीबोली. उर्दूत ‘ण’ नाहीच. पोरे ‘आनि’, ‘पानी’ लिहिणार नाहीत तर काय करतील?

आठवीतल्या एका मुलीने मला अर्ज आणून दिला होता. मधल्या सुट्टीची घाई होती, हातात लाल पेन होता. ‘आनि’ला गोल केला, ‘तबीयत’ खोडून ‘तब्येत’ केले, ‘विनंति’ दीर्घ केली आणि ‘नीट लिहून आण’ म्हणून कागद परत दिला. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा होती, ती आली नाही. मी गैरहजेरी मांडली.

आठवड्याने तिचे अब्बा आले. राइस मिलमध्ये हमाली करतात. सलाम करून उभेच राहिले. म्हणाले, ‘सर, उसकी अम्मी दवाखाने में थी. अर्ज दिया था, आपने वापस कर दिया. बच्ची समझी, सर ने ना बोल दिया.’ तो कागद त्यांनी सोबत आणला होता. शेवटची ओळ होती, ‘तोंडी नंतर देता येईल का सर’. तिच्यात चूक नव्हती, म्हणून माझे तिकडे लक्षच गेले नव्हते.

कॉलेजातल्या मुलाचा फोन याच्या नंतरचा. त्या चार उत्तरांवर मला खरे तर चिडायचे होते, पण हा कागद आठवला.

मुलीची तोंडी मी त्याच दुपारी स्टाफरूमबाहेरच्या बाकावर घेतली. अम्मीची विचारपूस केली, बऱ्या होत्या. विहिरीवरच्या धड्याबद्दल ती छान बोलली, चारदा ‘पानी’ म्हणाली. गुण पूर्ण दिले. ‘ण’ पुढच्या आठवड्यात शिकवला, सगळ्या वर्गाला.