मानाउस : न फिटणाऱ्या खात्याचे नगर

ब्राझीलच्या उत्तर भागात, अटलांटिक महासागरापासून सुमारे दीड हजार किलोमीटर आत, रिओ नेग्रो नदीच्या काठी मानाउस हे वीस लाखांहून अधिक वस्तीचे शहर वसले आहे. सभोवार अॅमेझॉनचे घनदाट अरण्य असल्यामुळे येथे येणारे बहुतेक प्रवासी विमानाने अथवा नदीमार्गानेच येतात. शहरापासून काही अंतरावर रिओ नेग्रोचे काळसर पाणी आणि सोलिमोएस नदीचे गढूळ, पिवळसर पाणी यांची भेट होते. दोन्हींचे तापमान, वेग व घनता भिन्न असल्याने सुमारे सहा किलोमीटरपर्यंत हे प्रवाह एकमेकांत न मिसळता शेजारी शेजारी वाहत राहतात.

शहराच्या मध्यभागी ‘तेआत्रो आमाझोनास’ हे भव्य नाट्यगृह आहे. ३१ डिसेंबर १८९६ रोजी त्याचे उद्घाटन झाले. घुमटावर ब्राझीलच्या ध्वजाच्या रंगांची ३६,००० कौले आहेत, आणि आतील संगमरवर इटलीहून आणलेला आहे. अरण्याच्या मध्यावर एवढे वैभव आले ते रबरामुळे. सायकल व मोटारीच्या चाकांसाठी जगाला रबर हवे होते, आणि त्याचे उत्तम झाड अॅमेझॉनच्या खोऱ्यातच वाढत असे.

त्या वैभवाचा पाया पाहण्यासाठी शहरातून नावेने सुमारे अर्ध्या तासाच्या अंतरावर असलेल्या रबरमळ्याच्या संग्रहालयात जावे लागते. एका चित्रपटासाठी जुन्या मळ्याची ही हुबेहूब प्रतिकृती उभारण्यात आली होती. मालकाच्या प्रशस्त घराजवळच त्याचे दुकान आहे, आणि मळ्याचा खरा इतिहास या दुकानात आहे.

ईशान्य ब्राझीलमधील दुष्काळाने देशोधडीला लागलेले हजारो मजूर येथे आले. मजुराचे पीठ, मीठ, कपडा, अवजारे, इतकेच नव्हे तर येण्याचा प्रवासखर्चही पहिल्याच दिवशी त्याच्या नावे मांडला जाई. पहाटेच्या अंधारात कपाळावर दिवा बांधून तो झाडांना चिरा पाडी, चीक गोळा करी आणि धुरावर त्याचे गोळे बनवी. हे गोळे मालकालाच द्यावे लागत. दुकानातील मालाचा भाव मालक ठरवी, रबराचा भावही तोच ठरवी, आणि वजनकाटाही त्याच्याच हाती असे. मजुराला बहुधा अक्षरओळख नसे. वर्षअखेरीस खाते मिटण्याऐवजी वाढलेलेच निघे. मालक स्वतः मानाउस किंवा बेलेमच्या पेढीचा ऋणको असे, आणि ती पेढी विदेशी निर्यातदारांची. उधारीच्या या साखळीत सर्वांत खालच्या माणसाला सुटका नव्हती.

तत्त्वार्थसूत्राने श्रावकाच्या अणुव्रतांचे अतिचार सांगताना अहिंसेच्या ठिकाणी ‘अतिभारारोपण’ आणि ‘अन्नपाननिरोध’ यांची, तर अचौर्याच्या ठिकाणी कमीअधिक मापांची गणना केली आहे. भार केवळ पाठीवरच लादला जातो असे नाही, तो वहीतही लादता येतो, हे या दुकानात उभे राहिल्यावर उमगते.

या संपत्तीचा शेवटही व्यापारातूनच झाला. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम या इंग्रजाने रबराच्या सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू उद्यानात पोहोचवल्या. तेथील रोपे सिलोन व मलायात गेली, आणि १९१३ च्या सुमारास आशियातील मळ्यांचे उत्पादन ब्राझीलच्या पुढे गेले. भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. वाल्डेमार शोल्त्स या जर्मन रबर-व्यापाऱ्याचा प्रासाद पुढे राज्य सरकारकडे गेला, आणि आज तेथे सांस्कृतिक केंद्र आहे. १९६७ मध्ये मुक्त व्यापार क्षेत्र जाहीर झाल्यावर कारखान्यांमुळे शहर पुन्हा सावरले.

जैन प्रवाशाने येथे एक सावधगिरी बाळगावी. पीठ, भाकरी, टॅपिओका हे बहुतेक मॅनिओक या कंदाचे असते. केळी, पपई, तुकुमा व ब्राझील नट मात्र बाजारात विपुल मिळतात. विषुववृत्त जवळ असल्याने बाराही महिने सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, त्यामुळे रात्रिभोजनत्याग पाळणे कठीण जात नाही.

परतताना बंदरावर अवश्य थांबावे. तेथील भिंतीवर दरवर्षीच्या पुराची कमाल पातळी कोरलेली आहे. २०२१ मध्ये नदी ३०.०२ मीटरपर्यंत चढली, तर २०२४ च्या दुष्काळात १२.११ मीटरपर्यंत उतरली. नदीच्या चढउताराची ही नोंद उघड्या भिंतीवर आहे आणि ती कोणालाही वाचता येते. रबर गोळा करणाऱ्या मजुराला त्याचे स्वतःचे खाते इतक्या उघडपणे कधीच पाहायला मिळाले नाही.