वऱ्हाडचे ऊन आणि त्याचा हिशेब

मुंबईहून नागपूरकडे जाणारी गाडी शेगाव सोडून अकोल्याच्या दिशेने निघाली की वाटेत पारस लागते. सपाट काळ्या रानात औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दुरूनच दिसू लागतात. येथे २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. जवळच बाळापूर आहे. तेथील किल्ला आणि मिर्झाराजे जयसिंगांची छत्री पाहण्यासाठी मात्र मोजकेच प्रवासी वाट वाकडी करतात. पुढे मूर्तिजापूर, बडनेरा, मग अमरावती. आणि शहराबाहेर नांदगाव पेठेत कोळशावरचेच १३५० मेगावॅटचे आणखी एक केंद्र. कोळसा बाहेरून वाघिणींतून येतो. ऊन तेवढे घरचे.

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा सौर वीजही सर्वांत जास्त मिळत असेल, असा समज होणे स्वाभाविक आहे. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नव्हे. त्याचे तापमान २५ अंशांच्या वर गेले की दर अंशामागे उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. भर दुपारी ते ६५ अंशांपर्यंत तापले, तर १२ ते १६ टक्के वीज नुसत्या तापण्यातच जाते. म्हणून छत आणि पॅनेल यांच्यामध्ये वारा खेळेल एवढी जागा सोडावी लागते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात दुसरीच अडचण आहे. धूळ धुण्यासाठी विहिरीचे पाणी वापरावे तर काचेवर क्षारांचा पांढरा थर बसतो. शिवाय काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. उथळ पायावरचा खांब तेथे फार दिवस सरळ राहत नाही. दिल्लीत आखलेल्या योजनेची खरी परीक्षा अशा ठिकाणी होते.

केंद्र सरकारने अपारंपरिक ऊर्जेसाठी १९८२ मध्ये स्वतंत्र विभाग स्थापन केला आणि १९९२ मध्ये त्याचे मंत्रालय झाले. जानेवारी २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सौर अभियानाने २०२२ पर्यंत २० हजार मेगावॅटचे लक्ष्य ठेवले होते. ते पुढे १ लाखावर नेण्यात आले. हा टप्पा ठरल्या मुदतीत नव्हे, तर २०२५ च्या प्रारंभी गाठला गेला. त्याच वर्षी देशाच्या एकूण वीजक्षमतेतील निम्मा वाटा कोळसा, तेल व वायू यांच्याव्यतिरिक्त अन्य स्रोतांचा झाला. मात्र क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती यांत मंजूर कर्जमर्यादा आणि उचललेली रक्कम यांच्याइतकेच अंतर असते. सूर्य मावळल्यावर पारसच्या चिमण्यांनाच काम करावे लागते.

वऱ्हाडातील व्यापारी घरांना हा विषय जिनिंग-प्रेसिंगच्या पत्र्यावरून कळतो. जिनिंगचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन फाल्गुनात ओसरतो. कारखाना बंद असतो त्या चैत्र-वैशाखात पॅनेल भरपूर वीज देत असतात. नेट मीटरिंगमध्ये ही जादा वीज युनिटांच्या रूपाने पुढच्या महिन्यांच्या बिलांत वळती होते आणि खाते ३१ मार्चला मिटते. चोपडी दिवाळीला बदलली तरी विजेचे वर्ष एप्रिलपासूनच धरावे लागते, आणि ते जिनिंगच्या सोयीचे आहे: उन्हाळ्यात जमा, हिवाळ्यात उचल. वर्षअखेरीस उरलेल्या युनिटांना मिळणारा दर कारखाना वीज घेतो त्या दराहून बराच कमी असतो, म्हणून छत मोठे आहे एवढ्याच कारणाने मोठा संच बसवणे शहाणपणाचे नाही. वेळेनुसार दर बदलणाऱ्या ग्राहकांचे वळते करण्याचे नियम वेगळे आहेत. ते कराराआधी वाचावेत. मागणी आकार तर बंद हंगामातही सुटत नाही. घरगुती छतासाठी हिशेब सोपा आहे: २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपयांचे अनुदान आहे.

शेतकऱ्याचा प्रश्न पैशाच्या आधी झोपेचा आहे. कृषिपंपांना आळीपाळीने रात्रीची वीज मिळे, तेव्हा हरभऱ्याला पाणी देण्यासाठी थंडीत, साप-विंचवांच्या भीतीत बॅटरी घेऊन शेतात उभे राहावे लागे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने कृषी वाहिन्यांना दिवसा सौर वीज देण्याचे ठरवले. २०२३ च्या दुसऱ्या टप्प्यात जमिनीला हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ ठेवली आहे. कोरडवाहू कापूस-सोयाबीनवाल्याला एवढे निश्चित उत्पन्न कोणत्या पिकाने दिले आहे?

परंतु या प्रकल्पांसाठी सरकारी जमीनही घेतली जाते, आणि वऱ्हाडात अशा जमिनीला लोक ‘ई-क्लास’ म्हणून ओळखतात. कागदावर ती पडीक दिसते. गावाची गुरे तेथेच चरतात. गोरक्षण संस्था आणि पांजरापोळ चालवणाऱ्यांना चाऱ्याचा भाव वेगळा सांगायला नको. सार्वजनिक कामांसाठी ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरसाल ५ लाख रुपये देण्याची तरतूद योजनेत आहे. त्यातून शाळेची भिंत बांधायची की गुरांसाठी कडब्याची सोय करायची, हे ज्यांची गुरे त्या रानात जातात त्यांना आधी विचारले पाहिजे. कुंपण पडल्यानंतर घेतलेल्या ग्रामसभेत ते विचारून उपयोग नसतो.