मोळी

मराठीत लिहायचं म्हणजे माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्याची फजितीच! शाळेत मराठी पासिंगपुरतं, आणि घरी देवगडला बोलायचो ती मालवणी. पण एक शब्द मला मराठीतच नीट कळला, म्हणून हा खटाटोप.

गेल्या वर्षीचा एप्रिल. तिकडे हापूसचा ऐन सीझन, इकडे माझी सबमिशन्स. दादाचा (माझा मावसभाऊ) फोन आला. "हिरड्यांतसून रगत येता रे, पायांवर निळे डाग पडलेत." मी जर्नल उतरवता उतरवताच अक्कल पाजळली, "डेंग्यू असतलो. पपयेच्या पानांचो रस पी." फोन ठेवून पुन्हा जर्नल.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. प्लेटलेट्स दीड लाखाच्या वर हव्यात, त्या नऊ हजार. नशीब, की लॅबमधल्या मॅडम मशीनच्या आकड्यांवर थांबल्या नाहीत, काचपट्टी स्वतः मायक्रोस्कोपखाली बघितली. पेशींच्या आत लालसर काड्या होत्या.

जॉन ऑअर या अमेरिकन डॉक्टरने १९०६ मध्ये या काड्यांचं वर्णन केलं. त्याला त्या पेशी लिम्फोसाइट वाटल्या होत्या. आज मात्र हीच काडी सांगते, की हा ल्युकेमिया लिम्फॉइड नाही, मायलॉइड आहे! आणि एकाच पेशीत पुष्कळ काड्या आडव्यातिडव्या रचलेल्या दिसल्या, की प्रोमायलोसायटिक प्रकाराचा दाट संशय. अशा पेशीचं इंग्रजी नाव मी डिक्शनरीत शोधलं. अर्थ निघाला सरपणाची मोळी. आमची आजी डोक्यावरून आणायची ती!

या प्रकारात रक्त गोठण्याची यंत्रणाच कोलमडते. मेंदूत रक्तस्राव होऊन पहिल्या काही दिवसांतच माणूस जाऊ शकतो. म्हणून १५ आणि १७ नंबरच्या क्रोमोझोम्सच्या अदलाबदलीचा रिपोर्ट येईपर्यंत थांबत नाहीत. नुसत्या संशयावर 'अ‍ॅट्रा' सुरू करतात. हे व्हिटॅमिन ए च्या घराण्यातलं औषध. शांघायच्या डॉक्टरांनी १९८८ मध्ये त्याचे निकाल छापले. ते बिघडलेल्या पेशीला मारण्याऐवजी मोठं व्हायला लावतं. (रेक्टर सरांनी नोंद घ्यावी.) सोबत शिरेतून आर्सेनिक, म्हणजे चक्क सोमल! या दोघांमुळे आज बहुतेक पेशंट पूर्ण बरे होतात, पण वेळेवर पोचले तर.

दादाला त्याच रात्री मुंबईला नेलं. काचपट्ट्यांची डबी मावशीने वाटभर मांडीवर धरली होती. मी हॉस्टेलवर जागा, आणि डोक्यात एकच हिशोब: ते चार दिवस.

फेब्रुवारीत त्याचा शेवटचा कोर्स संपला. परवा फोन आला, "परीक्षा हा मगे तुझी? पपयेचो रस धाडू?"