मालेच्या गच्चीवरचे पाहुणे

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी मालदीवला गेलो, तो धाकट्या बहिणीकडे. माले शहरात ती बारा वर्षे शाळेत शिकवते आहे. निघताना आईने चकल्यांचा डबा हाती दिला आणि बजावले, "कायमची परत कधी येणार, एवढे मात्र विचारून ये!"

माले म्हणजे समुद्रात ठेवलेले, इमारतींनी खच्चून भरलेले तबकच. पहिल्या संध्याकाळी गच्चीवर गेलो आणि थबकलो. डोक्यावर शेकडो चतुर! पिवळसर अंग, काचेसारखे पंख. लहानपणी ज्यांच्या शेपटीला दोरा बांधून आम्ही छळ मांडला, तेच हे. क्षणभर गावच्या तळ्याकाठी आल्यासारखे वाटले.

पण येथे तळे कुठले? ना नदी, ना ओढा. पिण्याचे पाणीसुद्धा समुद्राचा खारेपणा काढून मिळवायचे. चतुराची पिल्ले तर गोड्या पाण्यात वाढतात.

"मग हे जन्मले कुठे?" मी विचारले.

"आपल्याकडे, दादा," बहीण हसून म्हणाली.

खरेच होते ते. मालदीवमध्ये राहिलेले सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी वर्षानुवर्षे नोंदी ठेवून २००९ साली या प्रवासाचा माग मांडला. ऑक्टोबरात उंचावर ईशान्येचे वारे सुरू झाले, की हे चतुर हजार मीटरांहून वर चढून भारतातून निघतात, ५०० ते १००० किलोमीटर समुद्र ओलांडून येथे येतात आणि पुढे पूर्व आफ्रिकेच्या पावसाकडे जातात. तेथल्या डबक्यांत नवी पिढी वाढते. मोसमी वाऱ्याबरोबर भारतात परततात ते निघालेले चतुर नव्हेत, त्यांचे वंशज! अँडरसन यांच्या अंदाजाने या फेऱ्यात चार पिढ्या सरतात.

पुढे २०१२ साली त्यांच्या पंखांची रासायनिक तपासणी झाली. ज्या पाण्यात बालपण गेले, त्याची खूण पंखांत उरते. त्या खुणेवरून हे पाहुणे उत्तर भारताकडचे, कदाचित त्याही पलीकडचे ठरले.

आईचा प्रश्न माझ्या ओठांवरच राहिला. मालेतच जन्मलेली दहा वर्षांची भाची चकली मोडत म्हणाली, "मामा, आजीला सांग, पुढच्या सुट्टीत मी येणार. आई आली नाही तरी येणार!"

घरी येऊन आईला तेवढाच निरोप दिला. ती काही बोलली नाही. रिकामा डबा मात्र तिने घासूनपुसून पुन्हा फळीवर मांडला.