नुसती चालू असलेली गाडी

इंजिनाच्या ज्या अवस्थेला इंग्रजीने आळशी माणसाचे विशेषण बहाल केले आहे, तिच्यासाठी मराठीत नेमका शब्द नाही. गॅरेजात 'आयडलिंग' म्हणतात, किंवा 'स्लो' म्हणतात. आमचे अण्णा मात्र 'गाडी नुसती चालू आहे' एवढेच म्हणत. अण्णा एस. टी.त चालक होते. धारूरचा घाट त्यांनी इतक्या वेळा चढउतार केला होता की त्याची वळणे त्यांच्या मनगटांत उतरली होती. तेव्हा इंजिनाच्या आवाजाबाबत त्यांचा शब्द प्रमाण मानायला हवा होता. तो आम्ही मानला नाही, त्याची ही हकिकत आहे.

२००४ साली आम्ही एक जुनी मारुती ८०० विकत घेतली. कार्बोरेटरची, तीन सिलिंडरांची, ७९६ सी.सी. इंजिनाची. प्राध्यापकाच्या पगारात बसणारी ती बहुधा एकमेव मोटार असावी. दोन-अडीच वर्षे तिने काही कुरकुर केली नाही. पुढे मात्र सिग्नलला किंवा बाजारात उभी राहिली की ती थरथरू लागली. आवाज क्षणात वर जाई, क्षणात बुडे, आणि कधी कधी आचका देऊन बंदच पडे. मोकळ्या रस्त्यावर मात्र तीच गाडी अशी पळे की आपल्याला भास झाला असावा असे वाटावे.

गाडीविषयी पुस्तकी ज्ञान असणाऱ्या माणसाने जे करू नये, ते सर्व आम्ही क्रमाने केले. एअर फिल्टर बदलला. प्लग बदलले. शहरातल्या एका गॅरेजात कार्बोरेटर उघडून जेट साफ करून घेतले. तरीही थरथर राहिलीच, तेव्हा एका रविवारी पेचकस घेऊन आम्ही स्वतःच आयडलिंगचा स्क्रू आत फिरवला. आवाज चढला, थरथर थांबली, गाडी बंद पडेनाशी झाली. आम्हाला स्वतःच्या कर्तबगारीचे कौतुक वाटले. अण्णा ओट्यावर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "तिचा ताप उतरला नाही. तू तिला फक्त मोठ्यानं बोलायला लावलंस." आम्ही हसलो. डिझेल बसवर आयुष्य गेलेल्या माणसाला पेट्रोल गाडीतले काय कळणार, असेही मनात आले. ते आम्ही बोलून दाखवले नाही, एवढाच आमचा विनय.

त्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही अण्णांना घेऊन धारूरहून बीडकडे निघालो. धारूर बालाघाटाच्या माथ्यावर वसले आहे. सोळाव्या शतकात आदिलशाही सरदार किश्वरखानाने इथे किल्ला बांधला, म्हणून गावाला आजही किल्लेधारूर म्हणतात. गाव मागे पडले की तेलगावच्या दिशेने रस्ता घाट उतरू लागतो. त्या काळी तो जागोजागी इतका अरुंद होता की समोरून ट्रक आला की दोघांपैकी एकाने अदब दाखवावी लागे. सीताफळांचा हंगाम सरत आला होता आणि ऊसतोडीचा सुरू झाला होता. बिऱ्हाडांनी भरलेले ट्रक आणि ट्रॅक्टर रस्त्याला लागले होते.

एका वळणाच्या तोंडाशी आम्ही क्लच दाबून तिसऱ्यावरून दुसरा गिअर टाकला आणि ब्रेकवर पाय ठेवला. इंजिनाने एक उसासा टाकला आणि ते बंद पडले. पायाखालचा ब्रेक दगडासारखा झाला. समोरून एक ट्रक चढत होता. वर पाली, भांडी, गाठोडी, शेळ्या आणि त्यांच्यामध्ये बसलेली बायकामुले. अण्णांनी आवाज न चढवता सांगितले, "क्लच सोड. सेकंडातच राहू दे. हँडब्रेक हळूहळू ओढ." क्लच सुटताच चाकांनी इंजिनाला ओढून फिरवले, गाडीला लगाम बसला, आणि डोंगराच्या बाजूच्या चरात डावे चाक घालून आम्ही थांबलो. ट्रक शेजारून निघून गेला. वरची एक मुलगी आमच्याकडे बघत होती. तिला काही कळले नसावे. आमचे पाय मात्र बराच वेळ थरथरत होते.

गाडी पहिल्या गिअरमध्ये, पावलाच्या गतीने घाट चढून परत आली. धारूरच्या रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडमध्ये एक वयस्क मिस्त्री होते. त्यांनी पेचकसाला हात लावला नाही. आधी प्रश्न विचारले. थंड असताना जास्त होतं की गरम झाल्यावर? दिवे लावल्यावर आवाज पडतो का? ब्रेक दाबल्यावर? हा शेवटचा प्रश्न आम्हाला आजवर कोणी विचारला नव्हता, आणि आम्हीही स्वतःला विचारला नव्हता.

मग त्यांनी प्लगच्या वायरी एकेक करून काढल्या आणि परत लावल्या. प्रत्येक वेळी आवाज सारखाच पडला, म्हणजे तिन्ही सिलिंडर आपापले काम करत होते. पुढे त्यांनी इंजिनाला हवा पोचवणाऱ्या मॅनिफोल्डवरून निघालेल्या रबरी नळ्या पकडीने एकेक करून दाबल्या. ब्रेकच्या बूस्टरकडे जाणारी जाड नळी दाबताच आवाज एकदम सरळ झाला. "सर, गाडी चोरून हवा घेतेय," ते म्हणाले, "आणि घेतेय ती तुमच्या ब्रेकातून." बूस्टरच्या तोंडाशी, क्लिपच्या खाली, रबर तडकले होते.

कारण समजून घेतल्यावर सगळे उलगडले. गाडी नुसती चालू असते तेव्हा हवेची झडप जवळजवळ मिटलेली असते. इंजिन ओढत राहते आणि मॅनिफोल्डमध्ये निर्वात तयार होतो. ब्रेकचा बूस्टर पायाला जोड देतो, ती याच निर्वाताच्या बळावर. नळीला भेग पडली की आगंतुक हवा आत येते आणि पेट्रोल-हवेचे मिश्रण पातळ होते. इंजिन कमी फेऱ्यांवर असताना ही हवा मोठा हिस्सा ठरते, म्हणून थरथर होते. वेगात हवाच इतकी खेचली जाते की तेवढीशी गळती जाणवत नाही. आमच्या नळीतली भेग एकेरी झडपेच्या पलीकडे, बूस्टरच्या बाजूला होती. त्यामुळे इंजिन बंद पडल्यावर एक-दोनदा ब्रेक लागण्यापुरता जो साठा उरायला हवा, तोही उरला नाही. अलीकडे ब्रेकवर पाय जरा जास्त द्यावा लागे, हेही तेव्हा आठवले. गाडी जुनी आहे, असे म्हणून आम्ही ते सोडून दिले होते.

म्हणजे थरथर हा रोग नव्हताच. गाडीची ती तक्रार होती, आणि स्क्रू फिरवून आम्ही तिचे तोंड बंद केले होते. मिस्त्रींनी नळी बदलली, स्क्रू मूळ जागी आणला आणि इंजिन ८००-९०० फेऱ्यांवर आणून ठेवले. तेवढ्या फेऱ्यांतही तीन सिलिंडरांत मिनिटाला सुमारे साडेतेराशे ठिणग्या पडतात, तेल आणि पाणी फिरत राहते, बॅटरी भरली जाते, ब्रेकचे बळ साठते. या सगळ्याला आळस म्हणणारी भाषा कोणत्या चालकाने घडवली असेल, कोण जाणे.

परतताना आम्ही अण्णांना विचारले, तुम्हाला कसे कळले? "कळलं नाही," ते म्हणाले, "पण आमच्या बसचा ब्रेक हवेवर चालायचा. ष्ट्यांडावर गाडी नुसती चालू ठेवून हवेचा काटा वर येईपर्यंत आम्ही हलायचो नाही. पाशिंजरं ओरडायची, ड्रायव्हर बसून राहिलाय म्हणून. उभ्या गाडीचा आवाज बिघडला की मला आधी ब्रेकच आठवतो."

अण्णा आता नाहीत. मारुती ८०० चे उत्पादनही जानेवारी २०१४ मध्ये थांबले. आमच्या आताच्या गाडीत कार्बोरेटर नाही, फिरवायला स्क्रू नाही. आयडलिंग संगणक सांभाळतो. थ्रॉटलवर काजळी बसली किंवा कुठे थोडी हवा शिरली, तर तो आपणच इंधन आणि हवा कमीजास्त करून आवाज सरळ ठेवतो. म्हणजे आम्ही त्या रविवारी जे केले, तेच तो अहोरात्र करतो. फरक एवढाच की तो त्याची नोंद ठेवतो, आणि दुरुस्ती त्याच्या आवाक्याबाहेर गेली की दिवा लावतो. तो दिवा लागला की आम्ही गॅरेज गाठतो. मारुतीचा दिवा ओट्यावर बसलेला होता, आणि त्याच्याकडे बघून आम्ही हसलो होतो.

धारूरला जाणे अजूनही होते. उतरण्याआधी, घाटाच्या माथ्यावर आम्ही गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करतो. ब्रेक चार-पाच वेळा दाबून घट्ट होऊ देतो, आणि पाय तसाच ठेवून गाडी सुरू करतो. बूस्टर धड असेल तर पायाखालचा ब्रेक किंचित खाली जातो. तो गेला की आणखी मिनिटभर गाडी नुसती चालू ठेवतो. मागचे कोणी हॉर्न वाजवते. आम्ही हात बाहेर काढून त्यांना पुढे जायला सांगतो.