कऱ्हाडचा मुक्काम आणि कुंभार्लीचा घाट

देशावरून कोंकणांत उतरण्याचे जे मार्ग आहेत, त्यांत कऱ्हाडहून पाटण, कोयनानगर व कुंभार्लीच्या घाटानें चिपळुणास जाणारा मार्ग आम्हांस विशेष प्रिय आहे. कऱ्हाडास कृष्णा व कोयना समोरासमोर येऊन मिळतात आणि एकप्रवाह होऊन पूर्वेस वळतात. दोन नद्या अशा कडकडून भेटतांना अन्यत्र क्वचितच दिसतील.

यंदा माघांत चिपळुणास आमच्या वडील भगिनींची सहस्रचंद्रदर्शनाची शांति होती, म्हणून घरचीं पांच माणसें पुतण्याच्या मोटारीनें पुण्याहून निघालों. साताऱ्यापुढें मोटारीच्या मागील अंगास खड्ड्यागणिक ‘ठक्’ असा आवाज येऊं लागला. वळणावर मागील भाग किंचित् बाजूस सरके. मोटार बारा वर्षें वापरलेली. पुतण्या म्हणाला, “सामानाचा आवाज असेल, काका, घाट उतरून पाहूं.” त्यावर वहिनी म्हणाल्या, “भावजी, शांति उद्यां दुपारीं आहे. गाडी आजच दाखवूं या.” वहिनींचा शब्द घरांत मोडत नाहीं. आम्ही कऱ्हाडास थांबलों.

तेथील एका मिस्त्रींनीं मोटार रॅम्पवर घेतली. या जातीच्या मोटारींत मागील दोन्ही चाकें एकाच आडव्या तुळईला जोडलेलीं असतात, व ती तुळई दोन बाजूंस दोन बुशांनीं मोटारीच्या अंगास बांधलेली असते. बुश म्हणजे एकींत एक अशा लोखंडाच्या दोन नळ्या व मध्यें दोहोंस घट्ट चिकटलेलें रबर. चाक वरखालीं झालें म्हणजे रबर थोडें पिळतें व पुन्हां मूळ स्थितीस येतें. धातूवर धातु घासत नाहीं, म्हणून तेथें तेलही लागत नाहीं. आयुर्वेदानें सांध्यांत जो श्लेषक कफ सांगितला आहे, त्याच्यासारखेंच हें काम.

मिस्त्रींनीं सांध्यांत टॉमी घालून नेट दिला, तों डावीकडे तुळई खटकन् हलली. बॅटरीच्या उजेडांत पाहतां रबर फाटून आंतल्या नळीपासून सुटलेलें होतें. वरवरच्या बारीक चिरा जुन्या रबरावर पडतातच, त्यांचें एवढें भय नाहीं. रबर नळीपासून सुटलें किंवा बोल्ट मध्यभागींचा ढळला, म्हणजे मात्र बुश संपला असें समजावें. उजवा बुश बरा दिसत होता, तरी दोन्ही बदलावे असें ठरलें; कारण एक बाजू ताठ व दुसरी सैल असली, तर मोटार सरळ धरून चालत नाहीं.

पुढच्या चाकांस अटकण लावून, मोटारीचें अंग स्टँडवर व तुळई जॅकवर तोलून मिस्त्रींनीं काम आरंभिलें. तुळई खालीं घेतांना ब्रेकची नळी व हातब्रेकची केबल ताणूं नये, म्हणून त्यांनीं त्या अगोदर मोकळ्या केल्या. जुना बुश कोणत्या दिशेस बसला होता, त्याची खडूनें खूण केली. कारण त्याच्या रबरांत ठराविक जागीं पोकळ्या असतात. नवा बुश दाबून बसवितांना साबणाचें पाणी लाविलें, तेल नव्हे. खनिज तेलानें रबर फुगून नासतें.

शेवटीं बोल्ट नुसते हातानें बसविले. पुतण्या म्हणाला, “आतां आवळून टाका ना.” मिस्त्री हंसले. आमच्याकडे वळून म्हणाले, “गुरुजी, गाडी अधांतरी असताना आवळलं, तर खाली टेकल्यावर रबर कायमचं पिळलेलं ऱ्हातंय. मग लवकर फाटतंय.” मोटार चाकांवर उतरविली, दोन वेळां दाबून हलविली, आणि सगळें वजन चाकांवर आल्यावरच कारखान्याच्या मापानें टॉर्क पान्ह्यानें बोल्ट आवळले. असल्या मनुष्यास शास्त्री म्हणावयास आमची हरकत नाहीं.

दिवस मावळला होता. रात्रीं घाट नको, म्हणून संगमावर घटकाभर बसून कऱ्हाडासच मुक्काम केला. पहांटे निघालों. कोयनानगरीं धरण लागलें. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपांत त्याच्या भिंतीस भेगा पडल्या होत्या. पुढें काँक्रीटचे आधार देऊन ती बळकट करण्यांत आली. मुलांस तें दाखविलें. मग कुंभार्लीचा घाट आला. एका अंगास कडा, दुसऱ्या अंगास धुक्यानें भरलेली दरी, आणि वळणामागून वळण. परंतु मोटार मागून एकदांही सरकली नाहीं. आवाज होता तो मुलांच्या गाण्यांचा. चिपळुणास पोंचलों, तेव्हां ताई दारांतच उभ्या होत्या. पहिला प्रश्न, “काल कां नाहीं आलांत?” वहिनींनीं सर्व सांगितलें, तेव्हां त्यांनीं सुनेकडून दहीभात मागवून मोटारीवरून ओवाळून टाकिला.

घाट उतरावयाचा असेल, तर निघण्यापूर्वीं आठ दिवस मोटार जाणत्या मिस्त्रीस खालून दाखवावी. मागून ठकठक येणें, वळणावर शेपूट हलणें, टायर एका अंगानें झिजणें, यांपैकीं एक जरी लक्षण असेल, तर बुश तपासल्यावांचून मुलांबाळांस मोटारींत बसवूं नये.