बाबांचं अपडाऊन आणि शून्य वेग

नाशिकमध्ये "सध्या काय करता?" असं विचारलं की एक उत्तर हमखास यायचं, "अपडाऊन". म्हणजे नोकरी मुंबईला, बिऱ्हाड नाशिकला आणि मध्ये पंचवटी एक्सप्रेस. १९७५ साली सुरू झालेल्या या गाडीने किती घरांचं घड्याळ लावलं असेल, देव जाणे. आमच्या घरचं तरी लावलं. बाबा १९८४ ते २००६, तब्बल २२ वर्षं पासवाले.

लेक आता नववीत आहे. विज्ञानाचा पहिलाच धडा 'गतीचे नियम'. चाल आणि वेग यात तिची गल्लत होत होती. साहजिक आहे, बोलताना आपण दोन्ही एकच मानतो. म्हटलं, चल, आजोबांच्या गाडीचंच गणित करू.

नाशिकरोड ते मुंबई सीएसएमटी, रुळांवरून साधारण १८७ किलोमीटर. वेळ चार तास धरला. अंतर भागिले वेळ, ताशी ४७ किलोमीटरच्या आसपास. त्याला ३.६ ने भागलं की सेकंदाला १३ मीटर. ही सरासरी चाल. तिला दिशेशी देणंघेणं नाही.

वेगाला दिशा लागते. आणि अंतराऐवजी विस्थापन, म्हणजे निघालो तिथून पोचलो तिथपर्यंतची सरळ रेघ. नकाशावर मोजली तर ती भरते साधारण १५४ किलोमीटर, जवळजवळ नेमकी नैऋत्येला. म्हणजे सरासरी वेग ताशी साडेअडतीस किलोमीटर, नैऋत्येकडे. दिशा लिहिली नाही तर उत्तर अर्धंच.

बाबा पेपर वाचता वाचता ऐकत होते. म्हणाले, "यातला एकही आकडा डब्यात बसून जाणवत नाही हो." खरंय. परतताना कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिनं लागतात. ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर, असा तो चढ. तिथे गाडी रांगते, इगतपुरी सोडली की पळते. शिवाय घाटातल्या वळणावर चाल तीच राहिली तरी वेग बदलतो, कारण दिशा बदलते. लेकीला हे फार आवडलं.

मग तिने पूर्ण दिवसाचं गणित मांडलं. जाऊन-येऊन ३७४ किलोमीटर. विस्थापन शून्य. सरासरी वेगही शून्य.

"शून्य? एवढं करून शून्य?" तिला आजोबांचा अपमान झाल्यासारखं वाटलं.

मी तिला आपल्या सावरपाड्याच्या कविता राऊतचं उदाहरण दिलं. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत १०,००० मीटरला रौप्यपदक, वेळ ३१ मिनिटं ५१.४४ सेकंद. सेकंदाला सव्वापाच मीटरच्या जवळपास, तेही सलग अर्धा तास! पण ४०० मीटरच्या २५ फेऱ्या, सुरुवातीची आणि शेवटची रेघ एकच. सरासरी वेग शून्य. पदक कुणी परत मागितलं नाही.

तेवढ्याने तिचं समाधान कुठलं व्हायला! वर्षाचे २८० दिवस धरून तिने २२ वर्षांची बेरीज केली. २३ लाख किलोमीटरच्या वर. चंद्रावर तीन वेळा जाऊन परत येण्याइतकं. बाबा नुसते हसले. "आणि डबा मात्र रोज तोच, पोळी-भाजी."

मग स्वतःहून म्हणाले, "एक दिवस शून्य नव्हता बरं का. २६ जुलै २००५."

त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. गाड्या बंद, फोन लागेनात. बाबा फोर्टातल्या ऑफिसात टेबलावर झोपले. इकडे आई रात्रभर जिन्यातला दिवा लावून बसली होती. दर थोड्या वेळाने उठून रस्त्यावर डोकावून यायची. ते चौथ्या दिवशी संध्याकाळी मिळेल त्या वाहनाने घरी आले.

लेकीने वही पुढे ओढली. १५४ भागिले २४. ताशी ६.४ किलोमीटर, नैऋत्येकडे. दिशा आठवणीने लिहिली.

आई आतून म्हणाली, "बाई गं, तेवढं एक पान नको ठेवूस."